प्रश्न एक्केचाळीस

मंगळवारी परीक्षा. याकिमाला, शेतकी खात्याच्या ऑफिसात.
पेन्सिल ते देणार, कॅल्क्युलेटर आपला.
एलेउतेरिओने नायेलीचा घेतलाय, गुलाबी,
शून्याचं बटण दोनदा दाबावं लागतं.

एकोणीस वर्षं फवारतोय तो,
चेरी, नासपती, मग सफरचंद,
दुसऱ्याच्या परवान्याखाली.
परवाना फोरमनच्या पाकिटात,
टाकी ह्याच्या ट्रॅक्टरमागे.
आता फोरमन निवृत्त होतोय.
मालक म्हणाला, तू काढ,
तासाला दोन डॉलर वाढवतो.

म्हणून जेवणं आवरली की पुस्तक मी धरते.
दिवसभर पॅकिंगच्या शेडमध्ये उभी असते,
रात्री पाय बादलीत, गरम पाण्यात,
आणि विचारत जाते,
बाजारात भाव विचारावा तशी.

धोका, इशारा, खबरदारी :
सर्वांत जहाल कोणता?
धोका.
मारक मात्रेचा आकडा लहान, तर विष?
जास्त.
हे त्याला अजून पटत नाही.
आमच्या डोंगरात कणसं मोजताना
लहान आकडा म्हणजे लहानच असायचं.
पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे. तीही आम्हा दोघांना
शाळेत छड्या खाऊन आलेली भाषा.
अडलं की तो आपल्या बोलीत पुटपुटतो,
आणि विषाला तिथे औषधाचाच शब्द आहे.

एकराला पंचाहत्तर गॅलन. सहा एकर.
हाताने कर, त्या गुलाबी डब्याचा भरवसा नाही.
सहा पाचे तीस, शून्य लिहिलं,
साता सक बेचाळीस...
चारशे वीस.
हातचे तीन विसरलास.
रोज विसरतो. तीस गॅलन गेले कुठे रे?
वाऱ्यावर, म्हणतो, आणि हसतो.
मीही हसते. पाणी सांडतं.

वारा मात्र त्याला शिकवावा लागत नाही.
पहाटे कालव्यावर धूर आडवा झोपला
की टाकी भरायची नाही,
हे पुस्तकाने चार पानं आणि दोन आकृत्या खर्चून सांगितलंय.
त्याच्या नाकाला आधीच ठाऊक होतं.
फोरमनला सांगूनही पाहिलं होतं त्याने, एकदा.

हातमोजे कधी धुवायचे?
काढण्याआधी. हातात असतानाच.
रिकामा डबा?
तीनदा खळबळायचा, पाणी परत टाकीत.
मजूर बागेत पुन्हा कधी?
लेबल सांगेल तेव्हा.
आणि लेबल म्हणजे?
कायदा, असं तो इतक्या मोठ्याने म्हणतो
की नायेली आतून ओरडते, झोपू द्या!

एक्केचाळीस.
फवारणीचे कपडे कसे धुवावेत?
पर्याय वाचायच्या आत उत्तर येतं, घडाघडा :
वेगळे. गरम पाण्यात. घरच्या कपड्यांत न मिसळता.
नंतर मशीन एकदा रिकामं फिरवावं.

बरोबर, म्हणते मी.
पान उलटत नाही.

त्याच्या पँटी आणि तिची दुपटी.
त्याचा निळा शर्ट, बाप्तिस्म्याचा झगा, उशांचे अभ्रे.
नाणी वाचावीत म्हणून ठासून भरलेलं मशीन,
मीच भरलेलं, गुडघ्याने दार लावून.
कपड्यांना एक गोडसर वास राहायचा.
आमच्या घराचा वास, म्हणायचे मी.

तिचा पहिला हिवाळा खोकण्यात गेला.
कशाने, ते पुस्तकात नाही.
मी मागची सूचीसुद्धा पाहिली.

बेचाळीस विचार, तो म्हणतो.
माझ्याकडे न बघता.
मी विचारते. नोझलचं काहीतरी.
तो चुकतो.

आता मशीन घरातच आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं, जुनंच.
अकराला मी ते सुरू केलं,
गरम पाणी, साबण, बाकी काही नाही.
रिकाम्या ड्रमचा आवाज वेगळा येतो,
पत्र्यावरून कुणी चालत गेल्यासारखा.
नायेली दारात येऊन उभी राहिली, डोळे चोळत.
एवढ्या रात्री काय धुतेयस?
काही नाही, म्हटलं.
तिने काचेतून वाकून पाहिलं.
खरंच काही नव्हतं.

तो टेबलाशीच बसला होता,
पेन्सिलने वहीच्या कडेला
हातचे तीन लिहीत. परत तीन. परत तीन.